सतवंत कौरचा फोन

मनीषा खोडके लग्न होऊन परतवाड्याहून चंडीगडला आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ती दूध आणायला म्हणून बाहेर पडली आणि परतताना भलत्याच घराच्या दाराला किल्ली लावत उभी राहिली. सगळे रस्ते सरळ, सगळे चौक गोल, सरकारी घरं एकासारखी एक. त्या घरातली सरदारीण बाहेर आली, हिची फजिती पाहून पोटभर हसली आणि हात धरून तिला आत घेऊन गेली. त्या दिवशी मनीषाला हिंदी धड येत नव्हती, पंजाबी तर मुळीच नाही. तरी दीड तास दोघी बोलत बसल्या. संध्याकाळपर्यंत त्या बाईच्या सुनेचं काय दुखतं, नणंद का बोलत नाही, हे सगळं मनीषाला ठाऊक झालं होतं.

हीच तिच्याजवळची पुंजी होती. माणसं तिच्याशी बोलत. विशेषतः बायका.

नवरा विश्वनाथ भूजल खात्यात होता. मुलगा निमिष शाळेत जायला लागला तशी तिने आपली बीएस्सीची गुणपत्रिका ट्रंकेतून काढली आणि एका विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयात संशोधन प्रकल्पावर क्षेत्र सहायक म्हणून लागली. प्रकल्प डॉ. सरला बेहेरे यांचा होता. मॅडम मूळच्या कराडच्या, कमी बोलणाऱ्या, कामाला कडक. पहिला प्रकल्प शाळेतल्या मुलींच्या रक्तातल्या लोहाचा. तो संपला तेव्हा मॅडमनी दुसऱ्या प्रकल्पात तिला घेतलं, मग तिसऱ्यात. नोकरी कायम कधीच झाली नाही, पण अशी सोळा वर्षं गेली. नवं काही सुरू व्हायचं असलं की मॅडम केबिनच्या दारातून फक्त म्हणत, "मनीषा, ये जरा," आणि मनीषाला वाटे, आपल्यावाचून यांचं पान हलत नाही.

आताचा अभ्यास लघवीच्या मार्गातल्या जंतुसंसर्गाचा होता. बाई तपासायला येते, जळजळ होते म्हणते. डॉक्टर तिला अंदाजाने एक अँटिबायोटिक गोळी देतात आणि लघवीचा नमुना प्रयोगशाळेत जातो. तिथे जंतू वाढवून बघतात, की कुठल्या औषधाने हे मरतात आणि कुठल्याला दाद देत नाहीत. हा रिपोर्ट यायला तीन दिवस लागतात. गेल्या काही वर्षांत असं होऊ लागलं होतं, की रिपोर्ट हातात येई तेव्हा कळे, तीन दिवस चाललेली गोळी या जंतूंवर चालतच नाही. मॅडमना पुढचं हवं होतं. अशा बायकांचं होतं काय? बऱ्या होतात, की पुन्हा आजारी पडतात, की दुखणं मूत्रपिंडापर्यंत चढतं? ते कळायचं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि तिसाव्या दिवशी कोणीतरी फोन करून विचारायला हवं. तो फोन मनीषा करी.

ती सरळ जळजळीवर कधीच येत नसे. आधी पोरांचं विचारी, गुडघ्याचं विचारी. मग म्हणे, दुकानात बसता ना, जायची सोय जवळ आहे का? तिथून गाडी आपोआप पुढे जाई. नवऱ्याला न सांगितलेल्या गोष्टी बायका तिला सांगत. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद केल्या, उरलेल्या पुढच्या वेळेसाठी डब्यात ठेवल्या. शेजारणीने तिच्या दिल्या. औषधाच्या दुकानातल्या भय्याने "हे घ्या, जोरदार आहे" म्हणून तीन दिल्या. यातूनच जंतू चिवट होत होते, आणि हे कुठल्याही केसपेपरवर लिहिलेलं नसे. एकदा बैठकीत मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "माझा अर्धा अभ्यास मनीषाच्या कानांत आहे." ते वाक्य मनीषाने घरी येऊन विश्वनाथला सांगितलं, त्याने "अरे वा" म्हटल्यावर परत एकदा सांगितलं, आणि रविवारी परतवाड्याच्या बहिणीलाही फोनवर ऐकवलं.

मग क्षितिजा आली.

सव्वीस वर्षांची, सोलापूरची, पुण्याहून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतलेली. पहिल्याच दिवशी वाकून "मनीषाताई" म्हणाली. महिन्याभरात तिने कागदी फॉर्म बंद करून सगळं टॅबवर आणलं, कोणाला कधी फोन करायचा याची आठवण आपोआप येईल अशी व्यवस्था केली, आणि बायकांना मोबाइलवर छोटे निरोप पाठवायला लागली. मधेच गळणाऱ्या बायका कमी झाल्या. मॅडम खूश झाल्या. मंगळवारी मॅडम डबा आणत नसत, मनीषाच्या डब्यातलं खात, हा कितीतरी वर्षांचा रिवाज. आता मंगळवारी तिघींचा डबा होऊ लागला आणि मॅडम मनीषाच्या हातची ज्वारीची भाकरी खाता खाता क्षितिजाला विचारत, "तुझ्या त्या तक्त्याचं काय झालं?"

बायका क्षितिजाला छोटी मॅडम म्हणू लागल्या. त्याबरोबर मनीषा आपोआप बडी मॅडम झाली. कोणी वाईट हेतूने म्हणत नव्हतं, पण अठ्ठेचाळीस वर्षांची बाई त्या एका शब्दाने एका दिवसात म्हातारी झाली. जास्त कशाने लागलं असेल तर क्षितिजाच्या पंजाबीने. ती मोडकी होती. पुल्लिंग-स्त्रीलिंगाचा पत्ता नाही, सूर सोलापुरी. मनीषाने ही भाषा दारोदार बसून, चुकत, हसं करून घेत कमावली होती. आणि या पोरीच्या चुका ऐकून फोनच्या पलीकडच्या बायका खिदळत, तिला "पुत्त" म्हणत, आणखी बोलत. मनीषा शेजारच्या टेबलावर कान देऊन ऐकत राही आणि हातातलं पेन लेबलावर नुसतंच टेकवून ठेवी.

तिने एक हलकी गोष्टही केली. क्षितिजाच्या वाट्याच्या काही बायकांना तिने परत फोन केले, चूक सापडते का पाहायला. एक सापडली. सातव्या दिवसाचं उत्तर आठव्या दिवशी घेतलेलं होतं. ती ते घेऊन मॅडमकडे गेली. मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "बरं. दुरुस्त करायला सांगते. पण तू तिचे फोन का तपासत होतीस?"

"सहज," मनीषा म्हणाली. तिचे कान तापले होते. तरी तपासणं तिने थांबवलं नाही.

याच सुमारास सतवंत कौर पुन्हा आजारी पडली.

सेक्टर बावीसच्या मार्केटात जिन्याखालच्या गाळ्यात सतवंतचं फॉल-पिको आणि शिवणाचं दुकान होतं. चंडीगडात मनीषाला हवा तसा ब्लाउज कापणारी ही एकच बाई, त्यामुळे ओळख अकरा वर्षांची. विधवा, बोलायला फटकळ, हाताला सोनं. सकाळी दहाला मशीनवर बसे ती संध्याकाळी सातला उठे. मार्केटातलं स्वच्छतागृह लांब आणि घाण, म्हणून दिवसभर पाणी पीत नसे. वर्षातून दोन-तीनदा जळजळ होई, की औषधाच्या दुकानातून त्याच ओळखीच्या गोळ्या आणी, दोन दिवस घेई आणि पुन्हा मशीनवर बसे. या वर्षी ही चौथी वेळ होती आणि गोळ्यांनी काही होत नव्हतं. मनीषानेच तिला हाताला धरून रुग्णालयात आणलं.

पण त्या सकाळी मनीषा नमुने घेऊन प्रयोगशाळेत अडकली आणि सतवंतचा फॉर्म क्षितिजाने भरला. म्हणून यादीत सतवंत क्षितिजाची झाली.

"ही माझ्या ओळखीची आहे. माझ्याकडे दे," मनीषा म्हणाली.

"ताई, एकदा नाव लागलं की बदलता येत नाही ना. मॅडमनीच नियम केलाय," क्षितिजा म्हणाली. ते खरं होतं. नियम मनीषालाही पाठ होता.

दोन दिवसांनी मनीषा दुकानात गेली, तर सतवंत सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "तेरी छोटी मैडम बड़ी प्यारी है. दिन में दो बार मैसेज करती है, आंटी पानी पिया? इतना तो मेरी बहू नहीं पूछती."

अकरा वर्षं मनीषा तिला हेच सांगत आली होती. पाणी पी, बाई. तेव्हा सतवंतने ऐकलं नव्हतं. मनीषा ब्लाउजचं माप न देताच उठली.

तो शुक्रवार उजाडला. क्षितिजाची दुसऱ्या दिवशी दिल्लीला पीएचडीसाठी मुलाखत होती आणि ती दुपारच्या गाडीने निघणार होती. जाण्याआधी ती मनीषाजवळ आली, चेहरा उजळलेला. "ताई, मॅडमनी किती छान पत्र दिलंय बघा ना."

मनीषाने पाण्याच्या कूलरजवळ उभं राहून ते वाचलं. शिफारसपत्र दोन पानांचं होतं. नऊ वर्षांपूर्वी एका कायम जागेसाठी मनीषानेही मॅडमकडे पत्र मागितलं होतं. तेव्हा चार ओळी मिळाल्या होत्या. वेळेवर येते, प्रामाणिक आहे, दिलेलं काम करते, अशा. ती जागा दुसऱ्या कोणाला गेली. आणि इथे दुसऱ्या पानावर मधोमध एक वाक्य होतं. आजारी बायकांना बोलतं करण्याचं दुर्मीळ कसब या मुलीपाशी आहे.

मनीषाने ते वाक्य दोनदा वाचलं. तिच्या घरातली वस्तू कोणी उचलून दुसऱ्याच्या कपाटात लावावी, तसं तिला झालं. "छान आहे," ती म्हणाली आणि कागद परत दिले.

"अभ्यासाचा फोन तुमच्याकडे ठेवते, ताई. सतवंत आंटींचा रिपोर्ट आज येईल. आला की मॅडमना दाखवाल ना? आंटींना अजून बरं वाटत नाहीये."

"दाखवते."

साडेतीनला तो फोन वाजला. पडद्यावर नाव नव्हतं, सुनेच्या मोबाइलवरून केला असावा.

"छोटी मैडम है?" आवाज सतवंतचा होता, पण बसलेला.

आपण कोण ते मनीषाने सांगितलं नाही. "नहीं है. सोमवार को आएगी."

"अच्छा जी. उसको बोलना, कल से कँपकँपी छूट रही है. पीठ में इधर, एक तरफ, बहुत दर्द है."

सोळा वर्षांत मनीषा एवढं शिकली होती. हुडहुडी भरते, कमरेच्या वर एका बाजूला दुखतं, म्हणजे दुखणं मूत्रपिंडाकडे निघालं. अशी बाई त्याच दिवशी डॉक्टरांसमोर आली पाहिजे. भिंतीवर लाल अक्षरांत ते लावलेलं होतं आणि ते अक्षर तिचंच होतं.

"सोमवार को उसी से बात कर लेना," मनीषा म्हणाली आणि फोन ठेवला.

पाचला रिपोर्ट आला. सतवंत जी गोळी घेत होती तिला जंतू दाद देत नव्हते. आणखी चार औषधांसमोरही तोच शेरा. चालण्याजोगी दोन-तीनच उरली होती, त्यातलीही इंजेक्शनं. मनीषाने तो कागद क्षितिजाच्या फाइलीत ठेवला. तिची पेशंट आहे, ती बघेल, असं तिने स्वतःला सांगितलं. पर्स खांद्याला लावून निघाली तेव्हा मॅडमच्या केबिनचं दार उघडं होतं. त्यांनी मान वर केली. "काही राहिलंय का गं?"

"नाही, मॅडम."

शनिवारी ती घर आवरत राहिली. रविवारी निमिषची सुट्टी होती. तो आयटी पार्कमधल्या कंपनीत लागला होता आणि आठवड्यातून एकदा घरी निवांत जेवत असे. तिने पोळ्या करता करता तीनदा फोन हातात घेतला. पण आता फोन करायचा, तर शुक्रवारी का नाही केला ते सांगावं लागलं असतं. जितका वेळ जाई तितकं ते सांगणं जड होत जाई.

"माँ, रोटी जल रही है," निमिष म्हणाला. तिने पोळी उलटली.

सोमवारी क्षितिजाने नऊ वाजता फाइल उघडली, रिपोर्ट पाहिला आणि उभ्याउभ्याच सतवंतचा नंबर लावला. सुनेने घेतला. रविवारी सकाळी सासूबाई बाथरूमपाशी पडल्या, काही वेडंवाकडं बोलू लागल्या, तेव्हा घरच्यांनी उचलून इथल्याच तातडीच्या विभागात आणलं होतं. रक्तदाब खाली गेला होता. जंतू रक्तात पोचले होते. त्या आयसीयूत होत्या.

मॅडम स्वतः जाऊन आल्या. परतल्या तेव्हा त्यांनी सुनेचं म्हणणं सांगितलं. "त्या बाईंनी छोट्या मॅडमसाठी फोन केला होता म्हणतात. कोणी काही केलं नाही."

क्षितिजा पांढरीफटक पडली. तिने स्वतःचा मोबाइल काढला. आपला खासगी नंबरही तिने काही बायकांना दिला होता, नियमाविरुद्ध. शनिवारी मुलाखत चालू असताना एका अनोळखी नंबरावरून फोन येऊन गेला होता. तो कोणाचा होता कोण जाणे, पण तिने ठरवूनच टाकलं. "हाच असणार. मी परत लावला नाही. माझी चूक आहे, मॅडम."

"नंबर द्यायचा नाही, हे मी सांगितलं होतं," मॅडम म्हणाल्या. इतक्या थंड आवाजात त्या क्षितिजाशी कधी बोलल्या नव्हत्या.

मनीषा कपाटाला टेकून उभी होती. तिला भीती वाटत होती. पण भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं, ऊबदार, छोटंसं. ते काय आहे हे तिला मग ओळखू आलं. तिला बरं वाटत होतं.

"ताई, रिपोर्ट कधी आला होता?" क्षितिजाने विचारलं.

"मी निघाल्यावर आला असेल," मनीषा म्हणाली.

दोन दिवस क्षितिजा खाली मान घालून काम करत होती. मंगळवारी डबा कोणी उघडला नाही. मॅडम केबिनमधून फक्त "मनीषा" म्हणून हाक मारत होत्या. इतके महिने तिला हेच हवं होतं. आता प्रत्येक हाकेला ती आधी क्षितिजाच्या टेबलाकडे बघे, मग उठे.

बुधवारी दुपारी सतवंतला वॉर्डात हलवल्याचं कळलं आणि मनीषा तिला बघायला गेली. सतवंत अर्धी झाली होती. हाताला सलाईन, त्यातूनच दिवसातून दोनदा इंजेक्शन. नेहमी घट्ट विणलेले केस सुटे पडले होते. सून चहा आणायला खाली गेली, तसं सतवंतने तिला जवळ बसायची खूण केली.

"मैंने किसी को नहीं बताया," ती म्हणाली.

"क्या?"

"कि फोन तूने उठाया था. ग्यारह साल से तेरा नाप ले रही हूँ. आवाज़ नहीं पहचानूँगी? मुझे लगा, नाराज़ होगी किसी बात पे. फिर सोचा, मनीषा है, बता तो देगी किसी को. घरवालों को भी यही बोला कि फोन कर दिया है."

म्हणजे त्या फोनच्या भरवशावर ती दोन दिवस घरी पडून राहिली होती. हे मनीषाच्या डोक्यात आलंच नव्हतं. तिला निमित्त शोधता आलं असतं. फोन नीट ऐकू आला नाही म्हणता आलं असतं. तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"मुझे जलन हो रही थी. उस लड़की से."

सतवंतच्या सुकलेल्या ओठांवर जरासं हसू आलं. "जलन की मरीज़ तो मैं थी. तुझे कहाँ से लगी?" लगेच तिला खोकला आला आणि हसू गेलं. ती भिंतीकडे वळून म्हणाली, "बच्चों को उस लड़की पे केस करने का मन है. तू जा. मैं थक गई."

मनीषा जिने चढून थेट केबिनमध्ये गेली. क्षितिजा तिथेच होती, मॅडमसमोर खुलासा लिहीत बसलेली. तिला बाहेर जायला सांगावं असं एकदा मनात आलं. नाही सांगितलं.

"मॅडम, शुक्रवारी फोन मी घेतला होता. सतवंतने हुडहुडीचं सांगितलं, पाठीचंही. मी कोणाला कळवलं नाही. रिपोर्टही पाचला माझ्याच हातात आला होता."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मी जाताना विचारलं होतं."

"तेव्हाही माहीत होतं."

"का, मनीषा?"

"तुमचं पत्र वाचलं होतं मी. क्षितिजाला दिलेलं."

मॅडमना क्षणभर संबंध लागला नाही. मग लागला. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ काचा पुसत राहिल्या. क्षितिजा उभी राहिली होती. ती ओरडली नाही. "दोन दिवस मला वाटतंय की माझ्यामुळे एक बाई मेली असती. तुम्ही शेजारच्या टेबलावर बसून बघत होतात," ती म्हणाली आणि बाहेर गेली. मॅडम उठून तिच्यामागे दारापर्यंत गेल्या, तिच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी हळू बोलल्या. आणि एवढं सगळं होत असतानाही तो हात बघून मनीषाच्या छातीत तीच जुनी कळ उठली. तिला स्वतःची किळस आली, पण कळ उठायची ती उठलीच.

मॅडम परत येऊन बसल्या. "शुक्रवारी इंजेक्शन सुरू झालं असतं, तर आयसीयू टळली असती का? कदाचित. जंतू इतके चिवट होते, की नक्की मलाही सांगता येणार नाही. तो 'कदाचित' आता तुमच्याजवळ राहील." सोळा वर्षांत त्यांनी पहिल्यांदा तिला तुम्ही म्हटलं होतं. "जे घडलं ते लिहून द्या. रुग्णालयाच्या समितीकडे जाईल. आणि सतवंत कौरचा फॉर्म आज तुम्हीच पूर्ण करा."

फॉर्मवर शेवटचा प्रश्न उपचाराच्या परिणामाचा होता. 'अपयशी' या खुणेखाली कारणांची यादी होती. औषधाला दाद न देणारे जंतू, अर्धवट घेतलेल्या गोळ्या, इतर. मनीषाने पहिल्यावर खूण केली, कारण तीही खोटी नव्हती. मग 'इतर'वर केली. खालच्या रिकाम्या जागेत तिने लिहिलं, की रुग्णाने शुक्रवारी दुपारी साडेतीनला लक्षणं कळवली होती, फोन घेणाऱ्या सहायकाने ती जाणूनबुजून पुढे सांगितली नाहीत, आणि उपचार बदलायला दोन दिवस उशीर झाला. नाव लिहिलं, सही केली.

घरी तिने विश्वनाथला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू तशी नाहीस गं." तिला ते नको होतं. "आहे," ती म्हणाली. "तशीच आहे. म्हणून तर झालं."

समितीने तिला फोनच्या कामावरून काढलं, नोकरीवरून नाही. सतवंतच्या मुलांनी तक्रार पुढे नेली नाही. आईनेच नेऊ दिली नाही म्हणतात. ती तेरा दिवसांनी घरी गेली, सहा आठवडे मशीनवर बसली नाही, आणि पुढच्या तपासण्यांत मूत्रपिंडं हळूहळू पूर्वपदावर आली. क्षितिजाला दिल्लीला प्रवेश मिळाला. जुलैमध्ये ती गेली तेव्हा सगळ्यांना भेटली, मनीषालाही. "येते, मॅडम," म्हणाली. ताई म्हणाली नाही.

मनीषा आता नमुन्यांच्या खिडकीवर बसते. बाटली घ्यायची, नाव विचारायचं, लेबल लावायचं. बायका नावापलीकडे काही बोलत नाहीत, मागे रांग असते. फोनवर ओजस्विनी नावाची नागपूरची नवी मुलगी आहे. तिचं बोलणं खिडकीपर्यंत ऐकू येतं. प्रश्न ती घाईने विचारते, मधेच थांबत नाही, आणि मनीषाला ते बोचतं. पण एकदा त्या मुलीने येऊन विचारलं, "काकू, या बायका दोन दिवसांत गोळ्या सोडतात, ते कबूलच करत नाहीत. तुम्ही कसं काढून घ्यायचात?" मनीषाला आधी वाटलं, सांगू नये. हे एवढंच तर उरलं होतं जवळ. मग तिने खुर्ची सरकवून दिली आणि पोरांपासून, गुडघ्यापासून सुरुवात कशी करायची ते सांगितलं. सांगताना काही राखून ठेवलं नाही.

सतवंतकडे जायला तिने चार महिने घेतले. गेली तेव्हा सतवंतने स्टुलावरचे कपडे उचलून जागा केली, एवढंच. जुन्या गप्पा काही आल्या नाहीत. पायाशी पाण्याची मोठी बाटली होती आणि शेजारच्या बँकेने आपलं बाथरूम वापरू द्यायचं कबूल केलं होतं, असं तिने तुटक शब्दांत सांगितलं. मधेच तिचा मोबाइल वाजला. दिल्लीहून क्षितिजा होती. सतवंतचा चेहरा खुलला, ती पाच मिनिटं हसून बोलली. मनीषा समोरच्या दोऱ्याच्या रिळांकडे बघत बसली. दुखत होतं, नाही असं नाही.

"ले, बात कर," म्हणत सतवंतने फोन एकदम तिच्या हातात दिला.

पलीकडून क्षितिजाचा आवाज आला, सावध. "या महिन्याची कल्चर झाली का त्यांची, लघवीची?"

"काल सून नमुना घेऊन खिडकीवर आली होती, मीच घेतला. परवा रिपोर्ट येईल. आला की मॅडमच्या हातात देते आणि तुला कळवते."

"बरं," क्षितिजा म्हणाली, आणि फोन बंद झाला.

"क्या पूछ रही थी?" सतवंतने विचारलं.

"तेरी रिपोर्ट का पूछ रही थी."

सतवंतने मान डोलावली आणि टेप उचलली. "खड़ी हो जा. नाप दे. दुबली हो गई है तू."